पोत्यात काय आहे, ते तिलाही कळू दे

आपण चार बायका जमलो आणि विषय चिकनवर आला, की दोन वाक्यं ठरलेली असतात. पहिलं, ‘हल्ली ती गावठीची चव राहिली नाही बाई!’ आणि दुसरं, जरा आवाज खाली आणून, ‘अगं, त्यांना फुगवायला खाद्यात काय काय घालतात म्हणे!’ पहिल्यावर माझं काही म्हणणं नाही. गावठी कोंबडीचा रस्सा तो गावठीचाच. पण दुसरं वाक्य मला हल्ली अस्वस्थ करतं. कारण त्या ‘काय काय’मध्ये आता एका नव्या शब्दाची भर पडली आहे. एन्झाइम! आधी इंजेक्शन होतं, मग हार्मोन आलं, आता एन्झाइम. मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांत हे तिन्ही शब्द एकाच ओळीत बसवलेले असतात, जणू काही सख्खी भावंडंच.

नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात मी बचतगटांचं आणि शाळेतल्या मुलींच्या आरोग्याचं थोडंफार काम करते. मुलींची रक्ततपासणी झाली, की आयांची बैठक घ्यायची, कोणाचं हिमोग्लोबिन किती ते सांगायचं, काय खाऊ घालायचं ते बोलायचं, असं त्याचं स्वरूप. अशाच एका बैठकीत सातवीतल्या एका मुलीची आई म्हणाली, ‘‘ताई, मी तर चिकन बंदच केलंय. अंडीसुद्धा. त्यांच्या खाद्यात एन्झाइम घालतात, त्यानं मुली लवकर वयात येतात.’’ मुलीचं हिमोग्लोबिन नऊच्या खाली. घरात डाळ पातळ, पालेभाजी आठवड्यातून एकदा, फळ कोणी आजारी पडलं तर. ताटात कधीमधी येणारी एक सकस गोष्ट होती, तीही एका शब्दाच्या भीतीनं गेली.

त्याच बैठकीत आमच्या गटातली एक मैत्रीण बसली होती. तिच्या घरामागे पाच हजार पक्ष्यांची शेड आहे. ती एक शब्द बोलली नाही. बाहेर पडल्यावर मी विचारलं, ‘‘अगं, तू तरी सांगायचंस ना!’’ तर म्हणाली, ‘‘काय सांगू ताई? रोज दोन वेळा मी ते खाद्य माझ्या हातानं घालते. त्यात काय असतं हे मलाच कुणी सांगितलेलं नाही.’’

खाणारीला माहीत नाही म्हणून ती घाबरते, आणि घालणारीला माहीत नाही म्हणून ती गप्प बसते. मला तर दुसरीचं न कळणं जास्त टोचलं. म्हणून मग मीच विचारत सुटले. मी कला शाखेची, मराठी घेऊन बी. ए. झालेली. विज्ञानाशी माझी गाठ दहावीनंतर सुटली ती सुटलीच. पण पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेले एक डॉक्टर आमच्याच कॉलनीत राहतात. त्यांनी फार छान समजावलं. म्हणाले, ‘‘अहो ताई, मटण लवकर शिजावं म्हणून तुम्ही कच्च्या पपईचा गर लावता की नाही? तोच तुमचा एन्झाइम.’’

खरंच की! पपईतला पपेन नावाचा पदार्थ मांसातल्या प्रथिनांच्या लांबच लांब साखळ्या तोडतो आणि मटण लुसलुशीत होतं. भाकरीचा तुकडा बराच वेळ चावला की गोड लागतो, ते लाळेतल्या एन्झाइममुळे. डाग काढणाऱ्या बऱ्याच धुण्याच्या पावडरींत एन्झाइम असतात, जाहिरातीत तर ते मोठ्या दिमाखानं सांगतात. तिथे आपण घाबरत नाही! शाळेच्या पुस्तकात याला ‘विकर’ असा शब्द होता. पचवणारा, तोडणारा, सोडवणारा पदार्थ. आपल्या पोटात अन्न पचतं ते या विकरांच्या जिवावरच. हार्मोनचा आणि त्याचा संबंध नाही. हार्मोन शरीराला निरोप देतो, ‘वाढ’, ‘थांब’, ‘आता वयात ये’. एन्झाइम निरोप वगैरे काही देत नाही. तो अन्नाचे तुकडे करतो, बस्स.

मग कोंबडीच्या खाद्यात तो वरून का घालायचा? तिच्या पोटात नाही का? आहे, पण सगळ्या कामांना पुरेल असा नाही. इथे मला जे कळलं ते आपल्या स्वयंपाकघराच्या इतकं जवळचं आहे, की त्यावर जरा जास्त बोलते.

ब्रॉयलरच्या खाद्यात निम्म्याहून जास्त मका असतो आणि त्याखालोखाल सोयाबीनची पेंड. धान्य, कडधान्य, तेलबिया, कोंडा, कुठलंही बी घ्या. त्यात फॉस्फरस भरपूर असतो, पण त्यातला साधारण दोन तृतीयांश ‘फायटेट’ नावाच्या गाठीत बांधलेला असतो. बीची ती शिदोरीच म्हणा ना. रुजायची वेळ आली की बी स्वतःच ती गाठ सोडतं. कोंबडीला मात्र ती फारशी सोडता येत नाही. म्हणजे दाण्यात फॉस्फरस आहे, पण तो एका बाजूनं आत जातो आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतो. इकडे पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचा होणारा पक्षी, त्याच्या पायात बळ यायला हवं, हाडं धरायला हवीत. म्हणून खाद्यात डीसीपी, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट, वेगळं घालावं लागतं. ते बनतं खाणीतल्या दगडापासून आणि तो फॉस्फेटचा दगड आपला देश मुख्यतः जॉर्डन, मोरोक्को, इजिप्त अशा देशांतून आणतो.

यावर उपाय निघाला फायटेज या एन्झाइमचा. नावातच आहे, फायटेटची गाठ सोडणारा. तो बाजारात पहिल्यांदा आला १९९१मध्ये, हॉलंडकडे. तिथे डुकरं आणि कोंबड्या इतक्या झाल्या होत्या, की त्यांच्या खतातला फॉस्फरस वाहून पाण्यात उतरत होता आणि तळी-कालवे शेवाळानं हिरवेगार होत होते. सरकारनं कायदे कडक केले आणि मग कंपन्यांना ही युक्ती सुचली. म्हणजे पक्षी फुगवायला नव्हे, तर त्याची विष्ठा कमी घातक व्हावी म्हणून या फायटेजचा जन्म झाला! मला हे ऐकून गंमत वाटली. आता जगभर, आपल्याकडेही, तो खाद्यात सर्रास असतो. प्रमाण किती, तर नेहमीच्या ताकदीची पावडर असेल तर एका टनाला अवघी १०० ग्रॅम. आणि त्या चिमूटभर पावडरीनं टनामागे पाच-सहा किलो डीसीपी वाचतं.

आता आपल्या घरात या. मटकीला मोड का आणतात? नाचणीचं सत्त्व काढताना ती आधी भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून मग वाळवतात, ते का? इडलीचं पीठ, आंबील आंबवायचं ते का? चवीसाठी, पचायला हलकं म्हणून, असं आपल्या सासवांनी सांगितलं. ते खरंच आहे. पण त्यातलं एक कारण हेच की, भिजवल्यानं आणि मोड आल्यानं दाण्यातला स्वतःचा फायटेज जागा होतो आणि ती गाठ सैल करतो. आणि ही गाठ नुसता फॉस्फरसच अडवत नाही, लोह आणि जस्तही धरून ठेवते. आपल्या भाकरीत, डाळीत, उसळीत लोह असूनही ते अंगी का लागत नाही, त्याचं एक मोठं कारण ही गाठ आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे बघा, शेडमधल्या कोंबडीच्या दाण्यातली गाठ सोडवायला शास्त्रज्ञ, कारखाने सगळे कामाला लागले. त्याच शेडमध्ये पोती वाहणाऱ्या बाईच्या भाकरीतल्या गाठीचा विचार मात्र कोणी करत नाही. तिला मोड आणायला वेळ नाही, लिंबू पिळायला लिंबू नाही आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर असलेलं लोहही शोषलं जात नाही, हे सांगणारं कोणी नाही. मला तर त्या बैठकीनंतर वाटायला लागलं, की मुलींच्या आयांना फायटेज शिकवावा तो कोंबडीच्या निमित्तानंच शिकवावा. असो.

फायटेजखेरीज आणखी दोन-तीन जातींचे एन्झाइम खाद्यात असतात. गहू, बार्ली, राय या धान्यांत एक चिकट तंतुमय भाग असतो, त्यासाठी झायलेनेज आणि बीटा-ग्लुकनेज. बार्ली खाल्लेल्या पिल्लांची विष्ठा चिकट होते आणि एन्झाइम घातला की ती सुधारते, हे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांनी १९५०च्या दशकातच पाहिलं होतं. प्रथिनं तोडायला प्रोटिएज, पिष्टमय पदार्थांना अमायलेज. आपल्याकडच्या मक्यात तो चिकटपणा फारसा नाही, पण मका महागला की खाद्याच्या गिरण्या तांदळाची कणी, तेल काढलेला कोंडा, बाजरी, गहू असं जे परवडेल ते मिसळतात. २०२३च्या डिसेंबरात सरकारनं उसाच्या रसापासून इथेनॉल काढण्यावर बंधन आणलं, मका तिकडे ओढला गेला आणि पुढच्या वर्षी त्याचा भाव कसा चढला हे मका पिकवणाऱ्यांना आणि कोंबड्या पाळणाऱ्यांना दोघांनाही ठाऊक आहे. एकाचं हसू ते दुसऱ्याचं रडू. त्याआधी २०२१मध्ये सोयाबीनची पेंड इतकी महागली, की केंद्र सरकारला १२ लाख टन पेंड, तीही जनुक बदललेल्या सोयाबीनची, बाहेरून आणायला परवानगी द्यावी लागली. अशा वेळी हलक्या, चोथा जास्त असलेल्या खाद्यातून जास्तीत जास्त काढून घ्यायला एन्झाइम उपयोगी पडतात.

‘मग ते येतात कुठून?’ असं एका शाकाहारी मैत्रिणीनं विचारलं. हे एन्झाइम बुरशी आणि जिवाणूंकडून मोठमोठ्या टाक्यांत तयार करून घेतात, आपण इडलीचं पीठ आंबवतो तसंच, फक्त कारखान्याच्या पातळीवर. त्यातले पुष्कळ जिवाणू आणि बुरश्या जनुक बदललेल्या असतात, हेही सांगायला हवं. पण आपल्या ताटात येतो तो पक्षी. त्याच्या पोटात गेलेला एन्झाइम हे शेवटी एक प्रथिन. दाण्यातल्या प्रथिनासारखं तेही पचून जातं आणि वर आपण मांस शिजवतो. मटणाला लावलेली पपई जेवणाऱ्याला बाधते का? तसंच हे.

‘मग हा पक्षी इतका भराभर वाढतो कसा?’ हा प्रश्न राहतोच. वाढतो तो वाणामुळे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७ सालचा, १९७८चा आणि २००५चा असे तीन काळांतले वाण एकाच वेळी, एकसारखं खाद्य घालून वाढवले. ५६ दिवसांनी १९५७चा पक्षी ९०५ ग्रॅमचा होता आणि २००५चा चार किलो २०० ग्रॅमचा! खाद्य तेच, दिवस तेवढेच. पिढ्यान् पिढ्या निवड करून, जोड्या लावून माणसानं हा पक्षी घडवलाय. वाढीचं हार्मोन खाद्यात घातलं तर तेही प्रथिनच, पोटात पचून जाईल. आणि टोचायचं म्हटलं तर पाच हजार पक्ष्यांना रोज कोण टोचणार? आमच्या मैत्रिणीला एवढा वेळ असता तर तिनं आधी स्वतःचं दुखणारं कंबरडं दाखवलं असतं. इतक्या वेगानं वाढणाऱ्या पक्ष्याचे पाय आणि हृदय यांचे हाल होतात, ती वेगळी आणि खरी काळजी आहे. पण ती आपल्या मुलींच्या वयात येण्याची काळजी नव्हे.

भ्यायचंच असेल तर कशाला भ्यावं ते सांगते. अँटिबायोटिकला. आजारी पक्ष्याला औषध देणं समजू शकतं. पण निरोगी पक्षी चार दिवस आधी वजनात यावा म्हणून रोजच्या खाद्यात थोडं थोडं अँटिबायोटिक मिसळायचं, ही चाल जगभर वर्षानुवर्षं चालली. त्यातून औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात आणि ते शेडपुरते राहत नाहीत. युरोपीय संघानं वाढीसाठी अँटिबायोटिक घालणं १ जानेवारी २००६पासून पूर्ण बंद केलं. आपल्याकडे दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्रानं २०१४मध्ये दिल्ली परिसरातल्या चिकनचे ७० नमुने तपासले, तर त्यातल्या ४० टक्क्यांत अँटिबायोटिकचे अंश सापडले. कोलिस्टिन नावाचं औषध आहे, माणसाला बाकी काही लागू पडेनासं झालं की शेवटचा उपाय म्हणून डॉक्टर ते देतात. तेही आपल्याकडे कोंबड्यांच्या खाद्यात जात होतं. त्यावर केंद्र सरकारनं २०१९च्या जुलैमध्ये बंदी घातली.

आता गंमत अशी, की युरोपात अँटिबायोटिक बंद झाल्यावर त्याची जागा भरायला जे जे पुढे आलं, त्यात एन्झाइमही होते. अर्धवट पचलेलं अन्न आतड्याच्या टोकाला गेलं की तिथे नको ते जंतू माजतात. अन्न वरच नीट पचलं तर त्यांना खायला कमी मिळतं. अँटिबायोटिकची सगळी कामं एन्झाइम करत नाहीत, स्वच्छता आणि लसीकरण लागतंच. पण ज्याला आपण नावं ठेवतोय तो चोराच्या जागी ठेवलेला गडी आहे, आणि खरा चोर त्या निरोपांत नावालाही नाही!

आता पुन्हा त्या शेडकडे येते, कारण खरी अडचण तिथे आहे.

आमच्या भागात बहुतेक शेड करारावर चालतात. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, औषधं देते आणि पक्षी तयार झाले की घेऊन जाते. शेतकऱ्याची शेड, वीज, पाणी, तूस आणि राबणं. त्याबदल्यात किलोमागे ठरलेली मजुरी. कागदावर नाव नवऱ्याचं, करार इंग्रजीतला. पण पहाटे उठून पाण्याची भांडी कोण धुतं? पिल्लं आली की पहिले आठ दिवस शेगडीचा ताव सांभाळत रात्रभर कोण जागतं? तूस खालीवर करायला दाताळं कोणाच्या हातात असतं? बहुतेक घरांत बाईच्याच. खाद्य येतं ते ‘प्री-स्टार्टर’, ‘स्टार्टर’, ‘फिनिशर’ असं छापलेल्या पोत्यांतून. आमच्या गटातल्या बायकांनी मला दाखवलेल्या पोत्यांवर एवढंच होतं. काहींवर प्रथिनं किती, तंतू किती याचे आकडे. एन्झाइम आहे का, कुठला, अँटिबायोटिक आहे का, माल कधीचा, यातलं काही नाही. भारतीय मानक ब्युरोचं कोंबडीखाद्यासाठी वेगळं मानक आहे, आयएस १३७४ या क्रमांकाचं. पण करारातलं पोतं म्हणजे कंपनीचा माल कंपनीच्याच पक्ष्यांना, अशा थाटात येतं. मधली बाई जणू हमालच.

आणि हिशोब मात्र तिच्याकडून घेतला जातो. बॅच गेली की ‘एफसीआर’ काढतात. एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागलं, तो आकडा. तो ठरलेल्यापेक्षा जास्त आला की मजुरीत कपात. आमच्या मैत्रिणीनं मला वहीच दाखवली. पाच हजार पक्षी, प्रत्येकी दोन किलो धरले तर दहा हजार किलो वजन. एफसीआर १.६० ऐवजी १.६५ आला तर खाद्य ५०० किलो जास्त लागलं. किलोला ४० रुपये भाव धरला तरी २० हजार रुपये झाले. ‘तुमच्या शेडचं व्यवस्थापन ढिलं,’ असा शेरा पडतो. असेलही कधी ढिलं. पण खाद्य ढिलं असेल तर?

आणि ते असू शकतं! एन्झाइम हा नाजूक जीव. गोळीखाद्य बनवताना पीठ ८०-८५ अंशांच्या वाफेतून जातं. अशा उष्णतेत साधा एन्झाइम मरतो, दूध उकळल्यावर त्यात विरजण घातलं तर जसं होईल तसं. म्हणून कंपन्या उष्णता सोसणारे किंवा वरून लेप दिलेले एन्झाइम वापरतात किंवा गोळी तयार झाल्यावर वरून फवारतात. हे नीट झालं नाही किंवा मिश्रण उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात महिनोन् महिने पडून राहिलं, तर त्याचा जोर उतरतो. इकडे खाद्य बनवणाऱ्यानं ‘फायटेज आहेच’ म्हणून डीसीपी आधीच कमी केलेलं. मग पक्ष्यांचे पाय वाकतात, ते बसून राहतात, वजन येत नाही. आणि शेडमध्ये उभी असलेली बाई दोन्हीकडून ऐकून घेते, सुपरवायझरचं आणि घरातल्यांचं.

दुसरी गोष्ट तुसाची. खाद्य नीट पचलं नाही की विष्ठा पातळ आणि चिकट होते, तुसाची गादी ओली होते, ढेकळं धरतात. ओल्या गादीतून अमोनिया सुटतो. ज्या कधी बंद शेडमध्ये गेल्या असतील त्यांना माहीत असेल, डोळ्यांची आग आग होते, घसा धरतो. दाताळं घेऊन ते तूस हलवणारी बाई दिवसातून दोनदा त्या वासात उभी असते. गादी ओली व्हायला गळकी निपलं, पावसाळा, मीठ जास्त झालेलं खाद्य, आजार अशी बाकीचीही कारणं असतात, सगळं एन्झाइमवर ढकलून चालणार नाही. पण योग्य एन्झाइम असलेलं खाद्य आलं तर गादी कोरडी राहायला मदत होते. म्हणजे या चिमूटभर पावडरीशी कोंबडीइतकाच तिच्या डोळ्यांचा आणि छातीचाही संबंध आहे. मग पोत्यात ती आहे की नाही हे तिला कळायला नको?

ज्या बायका करारात नाहीत, घरीच मका भरडून खाद्य मिसळतात, त्यांच्यासाठी एक सांगून ठेवते. एन्झाइमची पावडर खाण्यात बाधत नाही, पण नाकात गेलेली चांगली नाही. १९६०च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये धुण्याच्या पावडरीच्या कारखान्यातल्या कामगारांना एन्झाइमच्या धुळीनं दम्याचा त्रास झाला होता. तेव्हापासून ती दाणेदार करून, धूळ उडणार नाही अशी बनवू लागले. तरी ती मिसळताना नाकातोंडाला नीट मास्क बांधा, नुसता पदर नको. आधी किलोभर भरड्यात मिसळा, मग ते दहा किलोत, मग सगळ्यात, नाहीतर १०० ग्रॅम टनभर मालात पोचणार कसं? पुडा उघडला की थंड, कोरड्या जागी ठेवा. आणि मिसळणारीला दमा असेल तर हे काम दुसऱ्या कुणाला द्या, सरळ.

राहता राहिला प्रश्न, कंपनीला विचारायचं कसं. ‘ताई, जास्त विचारलं तर पुढची पिल्लं टाकणार नाहीत,’ ही भीती खरी आहे. शेडसाठी बँकेचं कर्ज काढलेलं असतं, शेड रिकामी राहिली तरी हप्ता थांबत नाही. २०२०च्या फेब्रुवारीत ‘चिकननं करोना होतो’ ही अफवा पसरली, तेव्हा दर मातीमोल झाले आणि कित्येकांनी जिवंत पिल्लं पुरली. तो धडा अजून कोणी विसरलेलं नाही. अफवेनं पहिला घाव बसतो तो शेडवरच. म्हणून तर म्हणते, कंपन्यांनीही हे स्वतःहून सांगण्यात त्यांचा फायदा आहे. पोत्यावर मराठीत चार ओळी छापायला असा काय खर्च येतो? कुठला एन्झाइम, अँटिबायोटिक आहे की नाही, माल कधी बनला, कधीपर्यंत वापरायचा. औषध दिलं असेल तर ते बंद केल्यावर किती दिवस पक्षी विकायचा नाही, ते कार्डावर. आणि एफसीआर बिघडला तर कपात करण्याआधी खाद्याचा नमुनाही तपासायचा. एवढं झालं तर पोतं वाचून ती शेडवाली मैत्रीणच पुढच्या बैठकीत उभी राहील, मला बोलावं लागणार नाही.

आमच्या गटातल्या अकरा शेडवाल्या बायकांनी मिळून हे सगळं एका अर्जात लिहिलं आणि आपापल्या कंपनीच्या शाखेत दिलं. अकरा जणींनी एकदम दिला, म्हणजे कुणा एकीचं नाव पुढे यायला नको. उत्तर अजून आलेलं नाही. दरम्यान त्यांनी एक सुरू केलंय. खाद्याची गाडी आली की ड्रायव्हरसमोरच दर लॉटमधलं किलोभर खाद्य काढून कोऱ्या बरणीत घालायचं, झाकण चिकटपट्टीनं बंद करायचं आणि वर तारीख लिहून त्याची सही घ्यायची. बरण्या स्वयंपाकघरातल्या गार कोपऱ्यात. बॅच सुरळीत गेली तर ते खाद्य परसातल्या कोंबड्यांना, नाही गेली तर नमुना तपासायला. सुपरवायझर पहिल्यांदा बरण्या बघून हसला, ‘‘वहिनी, लोणचं घातलंय का?’’ म्हणाला. पण पुढच्या गाडीबरोबर आलेल्या चलनावर लॉट नंबर आणि माल बनल्याची तारीख होती. आजवर कधी नव्हती ती.